डाव्या डोळ्यानं पाहिलेला खांब

८ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार

दुर्बीण घ्यायचीच! रंजूला सहामाहीआधी कबूल केलं होतं, ती पहिली आली, दिवाळीही होऊन गेली. पोरीला शनीचं कडं पाहायचं आहे. मला तलावापलीकडचे पक्षी. शाळेची बस चालवताना रोज दिसतात, पण थांबता येत नाही. एकाच दुर्बिणीत दोन्ही जमतं का, विचारायला पाहिजे. चुकीची वस्तू गळ्यात पडायची भीती वाटते.

१० नोव्हेंबर, रविवार

रंजूला घेऊन साकोलीला गेलो. चष्म्याच्या दुकानात दोन दुर्बिणी. एकीच्या खोक्यावर ‘साडेचारशे पट’ छापलेलं — मी तीच उचलली. दुकानदार प्रविण हसला. आकड्यावर जाऊ नका म्हणाला, एवढं मोठं केलं की नुसतं धुरकट दिसतं. पुढचं भिंग किती रुंद ते पाहा, स्टँड हलतो का ते पाहा. दुसरी सत्तर मिलिमीटरची, भिंगवाली. आरशाच्या दुर्बिणीसारखी पुन्हा पुन्हा जुळवत बसावी लागत नाही. दारातून पाहिलं तर समोरचं कडुनिंबाचं झाड उलटं! रंजूला हसू आवरेना. मग त्यानं मागे एक प्रिझम बसवला, झाड सरळ झालं. जमिनीवरचं पाहायचं तर तो हवाच. सूर्याकडे कधीच वळवायची नाही, हे तीनदा सांगितलं.

हीच घेतली. येताना रंजूनं खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

दिवस मावळायच्या आधी स्लॅबवर लावली. पाहून पाहून उजव्या डोळ्याला पाणी आलं, म्हणून डावा लावला. तलावापलीकडचा विजेचा खांब मधेच वाकलेला. वाकला तिथे मळकट डाग, तेलाचा थेंब पडल्यासारखा. भिंग पुसलं. तसाच. माल खराब निघाला असं वाटलं. रंजूला म्हटलं, तू पाहा.

“सरळ तं हाये, बाबा.”

पुन्हा उजवा लावला — सरळ. डावा — वाकडा.

अंधार पडल्यावर तिला शनी सापडला. ओरडत खाली आईला बोलवायला गेली. मी मात्र डोळा लावून नुसता वाकून उभा होतो. शनी काही पाहिला नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

बसमध्ये बेचाळीस लेकरं. लाखांदूर रोडला एका ट्रकच्या मागे थांबलो होतो. उजवा डोळा मिटून पाहिला. ट्रकच्या नंबरातले मधले आकडे गायब! दोन्ही डोळे उघडे असले की सगळं नीट दिसतं. मग चालतं ना? — असं स्वतःला सांगत शाळेपर्यंत आलो.

१३ नोव्हेंबर

बायकोला, कामिनीला, सांगायला तोंड उघडलं. सांगितलं, डाळीत मीठ कमी आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

पौर्णिमेची सुट्टी. प्रिझम बदलून आणतो असं घरी सांगून एकटाच साकोलीला गेलो. रस्ताभर मनात एकच — प्रिझमच खराब निघू दे. प्रविणनं दुर्बीण तपासली, मला दाराशी उभं करून पाहायला लावलं. मग चौकडीचा एक कागद समोर धरला आणि उजवा डोळा झाकायला सांगितला. कागदाच्या मधल्या रेघा पाण्यात बुडाल्यासारख्या लवलवत होत्या.

“दुर्बीण बराबर हाये, भाऊ,” तो म्हणाला. “डोळ्याच्या पडद्याचं काही तरी हाये. नागपूरले दाखवा. उशीर नोका करू. गाडी चालवता का?”

“फटफटी,” मी म्हटलं.

खोटं बोललो. किती सहज निघालं तोंडातून!

१६ नोव्हेंबर, शनिवार



सकाळी नहराच्या पुलाआधी रस्त्यात काही तरी काळं दिसलं. करकचून ब्रेक मारला. मागे लेकरं सीटवर आदळली. पाचवीतल्या एका पोरीचा ओठ फुटला. उतरून पाहिलं — रस्ता मोकळा. काहीच नव्हतं. कुत्रा आला होता, असं लेकरांना सांगितलं. रंजू तिसऱ्या सीटवरून माझ्याकडे पाहत राहिली. तिनं कुत्रा पाहिला नव्हता.

आज काहीच नव्हतं आणि मी थांबलो. उद्या कोणी असेल आणि मी थांबणार नाही.

दुपारी कामिनीला सगळं सांगितलं. वाटलं, रडेल, नोकरीचं विचारेल. ती ऐकत होती, हातातलं पाखडायचं सूप तसंच धरून. मग म्हणाली, “चाबी सायबाले देऊन या. जेवण मंग.”

१८ नोव्हेंबर, सोमवार

चाबी शनिवारीच दिली. शाळेचे साहेब ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी आधी त्या पोरीच्या घरी फोन लावला, मग मला बसायला सांगितलं. डॉक्टर सांगेपर्यंत फाटकावर काम. माझी गाडी भैय्यालालकडे — वीस वर्षांपासून स्टिअरिंगवर आहे, मला गाडी शिकवणारा तोच. आज फाटकावरून त्याला लेकरं उतरवताना पाहिलं. जिवाला बरं वाटलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

नागपूर. डोळ्यात औषध टाकून तीन तास बसवलं. कामिनीचा हात सोडला नाही मी, लोक पाहत होते तरी. डॉक्टर बाईंनी सांगितलं, पडद्याखाली पाणी साचलं आहे. बहुतेक तीन-चार महिन्यांत ओसरेल, आणखी बिघडायच्या आधी कळलं हे बरं. तोवर गाडी नाही. ‘बहुतेक’ हा शब्द कानातून जात नाही. पण आज पोटभर जेवलो.

२४ नोव्हेंबर, रविवार

भैय्यालाल घरी आला. चहा झाला. साहेब काय म्हणाले, नोकरी राहिली का, हे त्यानं दोनदा विचारलं. राहिली, मी म्हटलं. कामिनी आत गेल्यावर त्यानं डावा डोळा तळहातानं झाकला आणि माझ्याकडे तोंड केलं.

“या उजव्या डोळ्यानं तू मले दिसूनच नाही राहिला. चार वर्सं झाली. तपासणीतली पाटी पाठ हाये मले.”

उद्या सकाळची गाडी त्याची. रंजू त्याच गाडीत.

त्याला म्हटलं, ऊठ, मी येतो तुझ्यासोबत. साहेबांच्या घरी निघालो आहे. तो बाहेर चपला घालतो आहे.