‘शेजारची खाट’ आणि आपल्या वाडीचं गाऱ्हाणं

वरची वाडी, ता. लांजा, जि. रत्नागिरी
मे महिना, पूजेनंतरचा सोमवार

तीर्थस्वरूप अनिलकाकांना शमिकाचा वाकून नमस्कार. काकीलाही नमस्कार सांगा.

तुमचा गुडघा आता जिने चढू देतो का? इकडे सगळे ठीक आहेत. आप्पांचा खोकला आणि आप्पांचा आवाज, दोन्ही जोरात आहेत. विहिरीने तळ दाखवला आहे, टँकर एक दिवसाआड येतो आणि एक दिवसाआड येत नाही. फोन न करता पत्र लिहिते म्हणून घाबरू नका, कोणी गेलेलं नाही. रेंज फक्त चिरेखाणीच्या वळणावर येते आणि तिथे उभं राहून बोललेलं निम्म्या वाडीला ऐकू जातं. उरलेल्या निम्म्या वाडीसाठी तुम्ही फोन स्पीकरवर टाकता, मग काकी हौसाआत्याला फोन करते. म्हणून हे पत्र बाळादादाबरोबर पाठवते आहे. तो उद्याच्या गाडीने फणस घेऊन मुंबईला निघाला आहे. त्याला लिहिलेलं वाचायचा कंटाळा आहे, त्यामुळे निर्धास्त आहे.

यंदा रजा न मिळाल्यामुळे तुमची वाडीची पूजा हुकली. त्या पूजेत मी माझा सिनेमा दाखवला, हे तुमच्या कानावर आलंच असेल. पण ते कसं आलं असेल याची मला कल्पना आहे, म्हणून मूळ हकिकत सांगते.

सिनेमाचं नाव ‘शेजारची खाट’. पाऊण तासाचा आहे. वर्गातल्या विनीतच्या फोनवर काढला. फोन बसवायचं स्टँड त्याच्या भावाच्या लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून आणलं होतं, म्हणून प्रत्येक प्रसंगात कॅमेरा थोडा वर, अक्षता पडायची वाट बघत असल्यासारखा राहतो. गोष्ट साधी आहे. खेड्यातली एक मुलगी कॉलेजसाठी रत्नागिरीत येते. हॉस्टेलच्या खोलीत दोन खाटा, दुसरी शेवटपर्यंत रिकामी. तिच्याशी कोणी वाईट वागत नाही, फक्त कोणी बोलत नाही. ती एकटी जेवते, एकटी भाट्याच्या किनाऱ्यावर जाते, घरी फोनवर ‘मजेत आहे’ म्हणते. अगदी शेवटी एक मुलगी तिला विचारते, “ही खाट कोणाची आहे का?” आणि ती हसते. संपलं. मुलीचं काम मृणालीने केलं आहे. प्रत्यक्षात मृणालीच्या घरी एवढी माणसं आहेत की तिला एकटीने बसायची जागा सिनेमातच पहिल्यांदा मिळाली.

घरातली पहिली पदवीधर म्हणून (निकाल लागायचा आहे, पण आत्याने पेढ्यांची ऑर्डर दिली आहे) आपण समाजाला काहीतरी द्यावं असं मला मनापासून वाटत होतं. समाजाने काही मागितलेलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही.

पहिला खेळ कॉलेजच्या हॉलमध्ये झाला. काका, एकटेपणावरचा सिनेमा बघायला आलेला प्रत्येक जण दोघांमध्ये एक खुर्ची रिकामी सोडून बसला होता. पाऊण तास सगळे खाली फोनमध्ये बघत होते आणि दिवे लागल्यावर सगळे म्हणाले, “अगं, अगदी माझीच गोष्ट!” ज्या तिघी हे म्हणाल्या त्या तीन वर्षं माझ्याच मजल्यावर राहत होत्या आणि त्यांची नावं मला त्या दिवशी कळली. मराठीचे सर म्हणाले, मौनाचा वापर सूचक आहे. (ते मौन नव्हतं, विनीत आवाज जोडायला विसरला होता.) दुसऱ्या एका सरांनी विचारलं, यातून संदेश काय घ्यायचा. मी म्हटलं, शेजारच्याशी बोलावं. ते “छान, छान” म्हणाले आणि शेजारच्याशी न बोलता निघून गेले. मला वाटलं, शहरातली माणसं आहेत, यांची संवेदना बोथट झाली आहे. हा सिनेमा आपल्या माणसांनी बघायला हवा.

इथे मी चुकले.

पूजेच्या कार्यक्रमात दहावीच्या मुलांचा सत्कार आणि महाप्रसाद यांच्यामध्ये मी वेळ मागून घेतली. महाप्रसादाआधी कोणी उठून जात नाही, हा माझा हिशेब. देवळाच्या सभामंडपाला लाकडं झाकायच्या निळ्या ताडपत्र्या लावून अंधार केला आणि आत्याची पांढरी चादर पडदा म्हणून बांधली. विनीत आणि मृणाली रत्नागिरीहून प्रोजेक्टर घेऊन आले होते. आपले चाकरमानी पुढे खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आप्पा खांबाला टेकून. सिनेमा सुरू झाला आणि पहिल्या मिनिटापासून सगळे पडद्याशी बोलू लागले.

मृणाली कँटीनमध्ये एकटी पोहे खाते, तो प्रसंग मी मुद्दाम लांब ठेवला आहे. प्रेक्षकाला तिची पोकळी जाणवावी म्हणून. प्रेक्षकांना जाणवलं ते असं, की पोह्यांवर खोबरं नाही. “काय गो ते पोहे! कोरडेठाक!” असं कोणीतरी म्हणालं आणि रत्नागिरीसारख्या ठिकाणी बिनखोबऱ्याचे पोहे देणाऱ्या माणसावर चर्चा सुरू झाली. तिच्या घशाखाली घास उतरत नाही आणि ती बशी सरकवते, तेव्हा बायका चुकचुकल्या. पण ती न्हाणीघरात नळ सोडून रडते (रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून) तेव्हा अख्खा सभामंडप ओरडला, “नळ बंद कर गो, नळ!” टँकरवर दिवस काढणाऱ्या माणसांसमोर मी वाहतं पाणी प्रतीक म्हणून वापरलं होतं. एक चाकरमानी मागे वळून म्हणाला, हे मोबाईलवर कुठे पुढे ढकलून बघता येईल का?

रिकाम्या खाटेने मात्र घात केला. मला ती रितेपणाची खूण वाटत होती. वाडीला ती चौकशीची बाब वाटली. खाट कोणाची? ती पोर गेली कुठे? आजारी पडली की पळाली? मथुराआजींचं म्हणणं, त्या खाटेवर काहीतरी वाईट झालेलं असणार, उगाच का कोणी झोपत नाही. यानंतर खाट पडद्यावर आली की मुलं किंचाळत होती.

आणि मग मृणाली संध्याकाळची एकटीच किनाऱ्यावर जाऊन पाण्याकडे बघत बसली, आणि वीज गेली.

काका, शेवट राहिला. ती मैत्रीण, तो प्रश्न, ते हसणं, सगळं राहिलं. वाडीसाठी ती मुलगी अजून पाण्याच्या कडेला बसलेली आहे. मी उभी राहून तोंडी सांगू लागले की पुढे सगळं चांगलं होतं, तर लोकांना वाटलं मी समजूत घालते आहे. पानं मांडायला घेतली तर मथुराआजी म्हणाल्या, “पोर जेवलेली नाय, आणि आपण पानावर बसायचं?” कोणी बसेना. शेवटी लवूकाका गुरव उठले. देवळातच होतो, पूजा झालेली होती, नारळ होता. त्यांनी देवापुढे नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं.

“बा देवा महाराजा! आज ही जी काय पोर आईबापाचं घर सोडून शिकायला गेली हाय, तिच्या शेजारची खाट रिकामी हाय, ती भरून दे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” सगळे.

“तिच्याशी कोण बोलत नाय, त्यांना बोलायची बुद्धी दे रे महाराजा!”

“व्हय महाराजा!” मी बघितलं, विनीतही हात जोडून ओरडत होता.

“तिची काय चूकभूल असेल, ती लेकरू म्हणून पदरात घे, आणि तिला सुखरूप उठवून घरला आण रे महाराजा!”

“व्हय महाराजा!”

नारळ फुटला आणि वीज आली. खोटं वाटेल, पण आली. मी धावत लॅपटॉपकडे गेले, शेवट दाखवते म्हटलं, तर लवूकाका म्हणाले, “आता कशाला? देवाला सांगितलंय ना.” आणि सगळे जेवायला बसले.

मृणालीला पहिल्या पंगतीत बसवलं. ती तिसऱ्या ओळीत बसून सगळं बघत होती, पण ते कोणाला खटकलं नाही. चार बायका तिला वाढत होत्या. आमसुलं, कुळथाचं पीठ आणि एका मुंबईकर मुलाची माहिती बरोबर घेऊन ती दुसऱ्या दिवशी रत्नागिरीला गेली. मी मात्र वाडीत तोंड दाखवायच्या लायकीची राहिलेली नाही. हौसाआत्याने भर पंगतीत विचारलं, “आणि तू काय करत होतीस गो? ती पोर ऊर फुटून रडतेय, आणि तू समोर फोन धरून बघत बसलीस? हे शिकवलं कालेजात?” त्यावर पंगतीतले लोक भात कालवायचे थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, आत्या, ते नाटक आहे. आत्या म्हणाली, “डोळे लाल झालेले, ते पण नाटक?” (ग्लिसरीन संपलं म्हणून विनीतने कांदा लावला होता.)

आता खरी अडचण. तुम्हाला माहीत आहे, पुढच्या शिक्षणासाठी पुण्याला जायचं माझं ठरत आलं होतं. आप्पा ‘बघू’ वरून ‘बघूया’ वर आले होते. त्यांनी ते पाऊण तास खांबाला टेकून बघितलं आणि घरी येऊन निकाल दिला, “शहरात पोरींचं असं होतं. जायचं तर हौसा बरोबर जाईल. खाट रिकामी राहायला नको.” आत्याने ट्रंक काढली आहे. त्यात वरवंटा ठेवला आहे, पाटा तिकडे मिळेल म्हणते. हॉस्टेलमध्ये आत्या ठेवत नाहीत, असं मी सांगितलं. आत्या म्हणाली, “त्यांनी अजून मला बघितलेलं नाय.”

आप्पा तुम्हाला धाकटा भाऊ म्हणून गप्प करतात, पण मुंबई मंडळाचे चिटणीस म्हणून तुमचं ऐकतात. तेव्हा सिनेमा कसा काल्पनिक असतो, हे तुम्ही त्यांना सविस्तर समजावून सांगावं, ही विनंती. काकीला आणि गुडघ्याला जपा.

तुमची पुतणी,
शमिका

ता. क. खरी विनंती वर लिहायला धीर झाला नाही. आप्पांना एवढंच ठासून सांगा, की हॉस्टेलात नातेवाइकांना राहू देत नाहीत, तुम्ही स्वतः चौकशी केलीत. आणि ती मुलगी म्हणजे मृणालीच, असंच त्यांना वाटू द्या. वाडीने मला दगडाच्या काळजाची म्हटलं तरी चालेल. ती कोण होती हे त्यांना कळलं, तर पुणंही गेलं आणि बघूयाही गेलं.

आणखी ता. क. पत्र बंद करणार होते, तेवढ्यात आई आली. पूजेपासून सिनेमाबद्दल ती एक शब्द बोलली नव्हती. चुलीपुढे बसून म्हणाली, “तीन वर्षं तू मजेत आहे म्हणायचीस, ते ह्या पोरीसारखंच म्हणायचीस ना?” मी पत्र पालथं घातलं. ती म्हणाली, “त्यांना मी नाय सांगत. तू जा पुण्याला. रडायला आलं तर फोन लाव. मी उचलला म्हणून तू बोललंच पाहिजे असं काय नाय.” आणि भाकरी उलटायला वळली.

शेवटचं. पहिल्या ता. क. मधलं ते ‘राहू देत नाहीत’ आप्पांना सांगू नका. त्याऐवजी खरोखरच चौकशी करा, नव्या मुलीबरोबर घरचं माणूस किती दिवस राहू देतात. आठवडा म्हणाले तर आठवडाच सांगा, काका. कमी करून सांगू नका.