माग बनवणाऱ्यांची मोटार

२२ नोव्हेंबर २०००, हिंगणघाट

उद्या पुलगावच्या सभेत विदेशी मालाविरुद्ध बोलायचं आहे आणि आज मीच जपानी गाडीतून केळझरच्या गणपतीला जाऊन आलो. कापसातून सरकी काढायची जिनिंग चालवणारा वसंता, माझा शाळासोबती, नवी गाडी पूजेला नेत होता. मी दारात घुटमळलो तर म्हणाला, "काऊन, खादीले डाग लागते काय? बस ना बे!"

गणपतीसमोर नारळ फुटला, चाकाखाली लिंबं चिरडली. वसंताने बोनेटवर कुंकवाशेजारी यंदाच्या कापसाचं बोंड ठेवलं.

परतताना विचारलं, एवढं काय आहे हिच्यात?

"जुनीले अर्धं गाव धक्का मारे. हे किल्ली फिरवली का चालू, तुह्या भाषणावानी. फक्त हे थांबते बी."

हसलो, पण ते बोंड डोळ्यांपुढून हलत नाही. ही गाडी काढणारं घराणं मुळात माग बनवायचं, हे मी वाचलेलं आहे. सूत तुटलं की आपोआप थांबणारा माग! तिथून ते मोटारीपर्यंत गेले. आणि आम्ही? कापूस आमचा, गिरण्या आमच्या, माग दुरुस्त करणारे हातही आमचे. मग अडलं कुठे?

"विदेशी माल परत पाठवा" ही नेहमीची घोषणा उद्या देणार नाही. हा प्रश्नच विचारणार. टाळ्या पडणार नाहीत, आपलीच माणसं चिडतील. चिडोत.

वसंताला फोन केला. गाडी मंचाजवळ लाव, बोंड बोनेटवरच राहू दे.

"माह्या गाडीले शिव्या देशील तं पायदळ परत येजो!"

शिव्या देणार आहे. गाडीला नाही.