कोळ्याच्या पायातली खरखर

४ ऑगस्ट
आजही खरखर! जाळं विणणाऱ्या कोळ्याच्या पायाला मी बोटही लावलेलं नाही आणि स्क्रीनवर रेघा उड्या मारतायत. पाय दाबला की त्यातल्या नसेच्या पेशीचे चॅनल उघडतात, सोडियम आत शिरतं, रेघ उठते – एवढंच तर मोजायचंय. पण न दाबता? माझे गाइड देवरे सर म्हणाले, "अर्थिंग नीट नाही तुझं." गणपतीच्या आत सुधारलं नाही तर सगळा सेटअप ज्युनियर ललितला देणार. म्हणजे माझी पीएचडी गेली बोंबलत.

५ ऑगस्ट
पंखा बंद, ट्यूबलाइट बंद. टेबलाभोवती घरून आणलेला पोळ्यांचा फॉइल गुंडाळला. तरी खरखर तशीच, आणि तीही फक्त संध्याकाळी. डोकं फिरलंय. घरी जरा टीव्ही लावून बसले तर अश्विनची कुरकुर – सगळ्या बिल्डिंगला बातम्या ऐकवतेस का म्हणे. नवरे कशावरूनही सुरू होतात.

६ ऑगस्ट
चॅनल बंद करणारं औषध टाकलं. खरखर गप! धुऊन काढलं – परत आली. म्हणजे दोष वायरीचा नाहीच, पेशीलाच काहीतरी जाणवतंय. पण काय? लॅबमध्ये मी एकटी, सगळीकडे सामसूम.

७ ऑगस्ट
हुश्श! सुटलं!! शेजारच्या लॅबमधली रोशनी चहाला बोलवायला आली. रेघा बघता बघता तिचं बोट टेबलावर ताल धरायला लागलं. "अगं, हा तर ढोल! पटांगणावर पथकाची प्रॅक्टिस चाललीय ना." तिकडे ढोल थांबले, तशा इकडे रेघाही थांबल्या. जमिनीतून, टेबलातून येणारी थरथर त्या एवढ्याशा पायाला कळत होती. सरांना बोलावून दाखवलं. म्हणाले, टेबलाखाली रबर घाल, सेटअप तुझाच. मी रोशनीला मिठीच मारली. दोघींनी जाऊन मिसळ चापली.
खाताना तिनं विचारलं, महिनाभर वाजतायत, तुला कसे ऐकू आले नाहीत? म्हटलं, कामात असते गं.

८ ऑगस्ट
संध्याकाळी खिडकी उघडून उभी राहिले. रोशनी म्हणाली, वाजतायत. मला काहीच ऐकू आलं नाही. टेबलावर तळवा ठेवला तर थरथर लागते. समोरचा माणूस बोलला की कळतं, म्हणून इतके दिवस निभावलं असेल. फार घाबरलेय. अश्विनला सगळं सांगितलं. त्यानं लगेच कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

१२ ऑगस्ट
कानाच्या डॉक्टरांनी नादकाटा वाजवून कानासमोर धरला – जेमतेम. कानामागच्या हाडावर टेकवला – लख्ख ऐकू आला! "नस ठणठणीत आहे. आतलं बारीकसं हाड अडकलंय, ऑपरेशननं बरं होण्यासारखं आहे." रिक्षात बसल्यावर रडूच फुटलं. अश्विनचेही डोळे भरले होते. तोवर टीव्ही मोठाच लागणार, त्याला सांगून टाकलंय.