मातोश्रींचा ऑलिव्ह-दिग्विजय

१ जून २००६, अप्पर हट, न्यूझीलंड

मातोश्रींचे शुभागमन जाहले. मातोश्री म्हणजे आमचा शेजारी व कचेरीतील सहकारी युसुफ याच्या आई, उम्म युसुफ. मुक्काम वेस्ट बँकेतील एक खेडे, वय सत्तरीपुढे, आवाज सेनापतीचा. वाटेत कुठे अडवले का, विचारले. (दुभाषा युसुफ.) "गावापासून सरहद्दीच्या पुलापर्यंत सगळीकडे. पुढे विमान होतं, ते कुणी अडवलं नाही."

मग मजकडे बोट : "काठीवाला हाच ना?"

२ जून

उपाधीचा इतिहास नोंदवणे प्राप्त. गतवर्षी ऑक्टोबरात युसुफसह त्याच्या गावी ऑलिव्हच्या तोडणीस गेलो होतो. गाव आणि बाग यांच्यामधून सैन्याने तारेचे कुंपण घातलेले. त्यात एक गेट. सकाळी थोडा वेळ उघडते, संध्याकाळी थोडा वेळ, तेही परवानाधारकांस. ती झाडे जन्मभर राखणाऱ्या मातोश्रींना परवाना नामंजूर. युसुफलाही. कारण सांगण्याची पद्धत नाही. अस्मादिक मात्र न्यूझीलंडचा पासपोर्ट धारण करून, गावातला एक शेतकरी व त्याचे गाढव यांच्या समवेत, ससन्मान आत!

विशीतल्या शिपायाने विचारले, आत काय काम? म्हटले, कृषिकर्म. हसला नाही. शस्त्रधाऱ्यांपुढे आमचा विनोद निष्प्रभ ठरतो.

आत जाऊन पराक्रम केला : काठीने फांद्या झोडपल्या. तारेपलीकडून मातोश्रींची गर्जना. युसुफ भाषांतर ओरडत होता, "झोडू नकोस! पुढच्या वर्षीची डहाळी मोडते! केस विंचरल्यासारखं ओरप!" शिव्यांचे भाषांतर त्याने केले नाही. आवश्यकता नव्हती.

पुढे गेट उघडेचना. रोज सकाळी गाव पिशव्या घेऊन त्यासमोर बसे, चहा पिई, परत जाई. कुणी आरडाओरडा करीत नसे. ते मौन अद्याप पचलेले नाही.

४ जून

युसुफ गुप्त खलित्यासह हजर. "आईला आता परत पाठवायचं नाही. तिकडे ती एकटी. रात्री सैनिक झडतीला आले, तर दार कोण उघडणार? तू सांग तिला. माझं ऐकत नाही, तुला निदान हसते तरी."

राजदूतपदी नियुक्ती! सौ.चे भाष्य : "अहो, घरात तुमचं कोण ऐकतं?"

राजनीती ठरली. इकडेही ऑलिव्ह असतात, हे प्रत्यक्ष प्रमाणाने सिद्ध करणे. रिमुटाका घाटापलीकडे वाइरारापात बागा आहेत, तोडणी सांप्रत चालू. एका बागवाल्यास दूरध्वनी. "कम ओव्हर, मेट. हेप्स ऑफ फ्रूट."

१० जून, शनि.

दिग्विजय!

बागेचे फाटक बंद. नुसती साखळी अडकवलेली. मातोश्री गाडीतून उतरल्या, पिशवी ठेवली आणि फाटकासमोर गवतावर बसल्या. सौ.ला वाटले, गुडघे. नव्हे. उघडणारा येण्याची वाट पाहत होत्या. युसुफ तोंड फिरवून उभा. मलाही विनोद सुचला नाही, याची नोंद असावी.

गमबूट घातलेला बागवाला आला, माओरीत नमस्कार घातला. "किया ओरा! बसलात का? आपणच उघडायचं. फक्त मागे लावून घ्या, मेंढ्या पळतात."

युसुफने सांगितले. त्याला त्यांनी पुन्हा सांगायला लावले. मग उठल्या, साखळी काढली, आत गेल्या, फाटक लावले. पुन्हा उघडले. बाहेर आल्या आणि दारी आलेल्या पाहुण्यांना बोलवावे तसे आम्हांस हाताने आत बोलावले. यजमानीण!

तदनंतर वृक्षपर्व. त्यांची बोटे डहाळीतून फिरत, फळे सरसर चादरीवर, पान एक तुटत नसे. माझे मनगट धरून शिकवले. गतवर्षीचे अध्यापन तारेवरून होते, आजचे कान पिरगळता येईल इतक्या अंतरावरून. बागवाला थक्क. "नोकरी हवी का त्यांना?"

घरी येऊन सौ. व त्या लोणच्यासाठी फळे ठेचण्यास बसल्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नाही, तरीही मिठाच्या प्रमाणावरून घनघोर युद्ध. मातोश्री विजयी. सौ. हरल्याचे प्रथमच पाहिले.

११ जून

दौत्य. निवेदन केले : झाडे आहेत, फाटक आपण उघडायचे आहे, पुत्र आहे, भांडायला सौ. आहे. राहावे.

"झाडं चांगली आहेत. मालकही भला. पण ती त्याची आहेत. माझी तिकडे उभी आहेत."

युसुफ : "आणि परवाना नाही मिळाला तर?"

"तर तारेशी बसेन. लांबून दिसतात ती."

राजदूत सपशेल परास्त. इतका तेजस्वी पराभव आमच्या वाट्यास पूर्वी आला नव्हता.

२ जुलै

मातोश्रींचा परतीचा निर्णय अटळ. यंदाचा अर्ज पुतण्यामार्फत गेला आहे. उत्तर नाही.

सकाळी सौ. पोळ्या लाटता लाटता : "ऑक्टोबरची रजा टाका."

"कुणाची?"

"दोघांची. गेट एखाद-दोन दिवसच उघडणार असेल, तर हात जास्त नकोत का?"

मातोश्रींनी युसुफकडून अर्थ समजून घेतला. उठल्या, सौ.चे पिठाचे हात हातात घेतले, बोटे उलटसुलट तपासली. "चालतील."

तिकिटांसाठी एजंटास फोन लावला. तीन सांगत होतो : मातोश्री, सौ. आणि अस्मादिक. युसुफने रिसीव्हर माझ्या हातातून घेतला.

"चार," म्हणाला.