सुनेला सांगायचा शब्द

३ मार्च, सकाळ
मी बोलते, फोन लिहितो. गेल्या खेपेस लेकाने ही सोय करून दिली. काय लिहिलंय ते मलाच वाचता येत नाही, म्हणजे गुपित पक्कं.
लेक परदेशात. सून तिथलीच, इंग्रजीशिवाय बोलत नाही. मी कायमची तिकडे जायचं का, ते पुढच्या रविवारी फोनवर ठरणार. लेक म्हणाला, तिला विचारून सांगतो. विचारायचं काय त्यात? मी गेले तर फायदा तिचाच. एवढंच तिला तिच्या भाषेत सांगायचं. एक शब्द. दुपारपर्यंत येईल.

५ मार्च
फायद्याला चार शब्द निघाले! वरच्या मजल्यावरच्या रिटायर्ड मास्तरीणबाई म्हणाल्या, प्रॉफिट दुकानात होतो. दुसऱ्यावर वरचढ ठरलं की ॲडव्हान्टेज. गेन म्हणजे वाढणं, वजनसुद्धा गेन होतं. आणि माणसाचं भलं झालं तर बेनिफिट.

८ मार्च
प्रॉफिट रद्द. मी काय दुकान आहे? ॲडव्हान्टेज भारदस्त, पण वरचढ सासू कोणाला हवी? शिवाय म्हणताना कवळी निसटते. गेन सोपा, पण सून वजनाला जपते. बेनिफिटच.
मास्तरीणबाई म्हणाल्या, आजी, शब्द छान जमला, पण ती नाही म्हणाली तर? त्यांना मूलबाळ नाही, त्यांना काय कळणार.
कुंड्या खालच्या शिंपीणबाईंना देऊन टाकल्या.

९ मार्च
बॅग भरली. नातवाचा स्वेटर सगळ्यात वर. माप अंदाजाने, अजून प्रत्यक्ष पाहिलाय कुठे त्याला.

१० मार्च, रविवार
फोनवर सूनच आली. मी तोंड उघडणार, तर तीच मराठीत बोलली. आई, तुमचं इथे मन रमणार नाही, तुम्ही येऊ नका. एक अक्षर चुकलं नाही. फोनच्या पडद्यावर तिच्या कडेला कोणाचं तरी कोपर दिसत होतं.
मी म्हटलं, छान बोलतेस गं, कधी शिकलीस? ती नुसती हसली. तिला तेवढंच येत होतं.
बेनिफिट तोंडातच राहिला.

११ मार्च
मन रमलं नसतंच. मीच नाही म्हणणार होते. आणि कोपर काय, कोणाचंही असू शकतं.
स्वेटर पोस्टाने जाईल.
शिंपीणबाईंकडून कुंड्या परत मागायच्यात. काय तोंडाने मागू? सांगेन, झाडांच्या बेनिफिटसाठी. एवढा शिकलेला शब्द, वाया कशाला घालवायचा.