डोणीवरची दुपार

चैत्र शुद्ध ११, फसली १३४१
देवाच्या कृपेने नव्या जागी सुखरूप पोचलो. आष्टीहून बैलगाडीने यायला दिवस गेला. जहागीरदारांच्या रमन्यात, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या रानात, यांना मुन्शीची जागा मिळाली. राहायला दगडी चौकी, भाडे नाही, हे फार बरे. ओट्यावर बसून गहू निवडावे तर समोर काळविटांचा कळप, चिंकारे, आणि मोर तर कोंबड्यांसारखे! एका लांडोरीला मी तितर म्हटले. मॅट्रिक झालेल्या बाईसाबाला लांडोर वळखंना व्हय, म्हणून राखणदार सुग्रीव किती हसला. आमची अडीच वर्षांची शिवकन्या दिसेल त्या जनावराला हात जोडते.

उताराखाली जनावरांसाठी दगडी डोण आहे. ओढे आटले की चौकीतल्या बाईने ती रोज भरायची. आदी डोण, मंग चूल, असे सुग्रीवने बजावले.

चैत्र वद्य ४
विहीर लांब. घागरीवर घागरी ओताव्या तेव्हा कुठे डोणीचा तळ झाकतो. रानातल्या जनावरांवर इतके पाणी का दवडायचे? त्यांना देवाने पाय दिलेत. आता भरतच नाही. सुग्रीवने विचारले तर भरली म्हणते.

चैत्र वद्य ७
लिहायला लाज वाटते. दुपारी सोवळ्यात पूजेला बसले होते, तेव्हा मेंढ्यांमागची एक बाई पाणी मागत आली. नाव कडूबाई म्हणाली. घरात देवापुरती एक घागर. डोण भरलीय, तिथे पी, असे सांगून बसले. कोरडी आहे म्हणायला जीभ रेटेना. ती गेली, तशी मी कडी घातली. ती परत आली. आक्का, डोणीत थेंब न्हाई, वरून वंजळीत वत की जरा, म्हणाली. मी आत जप करत राहिले. बऱ्याच वेळाने थापटणे थांबले.

चैत्र वद्य ८
कडूबाई ओढ्यात मरून पडलेली सापडली. वाळू उकरून बोटे सोललेली. सुग्रीव सांगताना रडला. डोण भरलेली असून बाई पुढे कशाला गेली, असे यांनी विचारले. दिसली नसेल, म्हटले. मग पाठ वळवून भाकरी थापल्या.

आज डोण काठोकाठ भरली.

चैत्र वद्य ११
भर दुपारी चिंकारे पाण्यावर आले. त्यांच्यात एक बाई. गुडघे टेकलेले, केस पाण्यात. चिंकारे बुजत नव्हते. माझ्या हातून लोटा पडला तशा सगळ्यांनी माना वर केल्या. तिनेही.

चैत्र अमावास्या
रोज येते. डोण आटेपर्यंत पिते. मी पुन्हा भरते — शिवकन्या घरचे पाणी तोंडाला लावत नाही. तिच्या शेजारी वाकून डोणीत पिते. जिभेने. यांना कुणी दिसत नाही, पोर तेवढी दिसते. वैद्याला दाखवू म्हणतात. वैद्य विचारेल, कधीपासून. मग कशामुळे —

वैशाख शुद्ध १
आज सांगायचे ठरवले. यांच्यासमोर बसले. माझ्यासारखी देवभोळी बाई या रानात टिकली, असे हेच कौतुकाने म्हणाले. मग कसे —

नाही सांगितले.

वैशाख शुद्ध ३
आज आखिती. गेलेल्यांच्या नावे पाण्याची घागर द्यायची. डोणीवर नेली, शिवकन्या मागोमाग. ती होती. नाव घेऊन द्यावी, तर वर चौकीत हे पाहुण्यांशी बोलत होते. ऐकले असते. नुसतीच ओतली.

ती प्याली नाही. उठली. शिवकन्येने आपणहून तिचे बोट धरले. कडूबाई, सोड तिला — एवढेच ओरडायचे होते. तोंड उघडले. वरून पाहुण्यांचे हसणे आले. मिटले.

पोर तिच्यासोबत चिंकाऱ्यांच्या कळपाबरोबर गेली. टेकाडाच्या अंगाला. मागे वळून हात जोडले नाहीत —

पोर कुठे, हे विचारतात. मी निजले होते म्हणाले. देवा. पुन्हा.

सगळे विहिरीकडे गेलेत. गळ टाकताहेत. उलट्या दिशेला. उजेड आहे अजून. धावले तर गाठतील. जाऊन एवढेच बोलायचे — विहिरीत नाही, टेकाडावर, ती मेलेली — आणि ती कशाने मेली, तर डोण मी —