फळी न ओढता

४ नोव्हें. ७३, रवि.
पहिल्या बसनं कामठी. छावणीतले साहेबलोक नाश्ता आटोपून येईपर्यंत गोल्फचं मैदान माझं. क्लबच्या सेक्रेटरीनं परत ऐकवलं, लेडीज फक्त रविवार सोडून इतर दिवशी. त्या दिवशी मी शाळेत पोरींची कवायत घेते, हे त्याला पक्कं माहीत आहे. मुद्दाम सांगतो मेला. मी हो जी म्हटलं आणि खेळले.
मैदान राखणाऱ्या मामाजींनी ब्राऊनला ताजं तेल घातलं होतं. इथं गवत कुठलं टिकायला, भोकाभोवती आपली तेलातली वाळू, तिलाच ब्राऊन म्हणतात. बॉलपासून भोकापर्यंत मामाजी लाकडी फळी ओढून वाट सपाट करून देतात, मग मी बॉल ढकलते. ते दुसरीकडे कामात असले की मी बुटानंच पुसून घेते. इथं सगळे तसंच करतात, कर्नलसाहेबसुद्धा. आज हात मस्त चालला.

१८ नोव्हें., रवि.
कर्नलीणबाईंनी एक अमेरिकन मासिक दिलं. त्यात एका बाईचा फोटो. तिकडची पेशेवर गोल्फवाली. शेतकऱ्याची पोर, लहानपणी फांदी घेऊन मातीची ढेकळं उडवायची. आता गावोगाव फिरते, पैसे घेऊन खेळते. काय दंड आहेत! फोटोत हसतसुद्धा नाही. ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला.
काकूनं पाहिला. पैसे घेऊन खेळते, तेही लोकांसमोर, म्हणून असं तोंड केलं की जणू मीच तमाशात चालले. म्हटलं, काकू, बाबाही पैसे घेऊनच लुगडी विणतात.
मला तेच व्हायचं आहे. त्या बाईसारखं. लिहून टाकलं, बरं वाटलं.

२ डिसें., रवि.
कर्नलीणबाईंनी माझं नाव कलकत्त्याला पाठवलं. बायकांची मोठी स्पर्धा, जानेवारीत. गोल्फच्या काठ्या स्वतःच्या देणार!!
घरी सांगितलं तर आईनं लगेच उमरेडचं स्थळ काढलं. मुलगा तहसिलीत कारकून. त्यांची एकच अट, लग्नानंतर काठ्या बंद. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, कप आणला तर या घरात उमरेडचं नाव काढायचं नाही.
बाबांनी माग थांबवला. "अन् नाही आणला तं?"
"तं बसीन पाहुण्याइसमोर."
बोलून तर गेले. पण आणणारच आहे. बघाच.

१० जाने. ७४, कलकत्ता
हिरवं. जिकडे पाहावं तिकडे हिरवं. भोकाभोवती गवत असं की झोपावंसं वाटावं. बॉल वाळूवर अडतो, इथं घसरतच जातो. काल पार फजिती. आज हात बसला. बाकीच्या बायका मोटारीतून येतात, मी ट्राममधून काठ्या घेऊन. पाहून राहिल्या होत्या. पाहा म्हटलं.

१२ जाने., हावडा मेल
हरले.
शेवटच्या भोकापर्यंत मी पुढे होते. बॉल अगदी जवळ. मधे कोणाच्या तरी बुटाचे खिळे उमटलेले. मी बुटानं पुसलं आणि ढकलला. आत. टाळ्या. मग आठवलं. गवतावर बॉलच्या वाटेला असं पुसायचं नसतं. नियमाच्या पुस्तकात आहे, मी वाचलं होतं. पण पायाने कुठे वाचलं होतं?
कोणी पाहिलं नव्हतं. सोबत खेळणारी बाई उडालेल्या टोपीमागे गेली होती. फटक्यांच्या कार्डावर सही करायच्या आधी मीच सांगितलं. दंड म्हणून दोन फटके वाढले, आणि जिचे फटके कमी तिचा कप. कप एका फटक्यानं गेला.
रडले. डब्यातल्या म्हातारीनं विचारलं, घरी कोणी गेलं का? नाही म्हटलं. तिनं संत्रं दिलं, ते खाल्लं.

१४ जाने.
आईचं दिवसभर एकच.
"कोणीच पाह्यलं नव्हतं नं?"
"मी पाह्यलं नं."
"मंग सांगतलं काहून वं सुमे?"
तिला काय सांगू? खोटा कप ट्रंकेत ठेवला असता तर त्या फोटोतल्या बाईकडे पाहता आलं असतं का मला?
रात्री जेवताना बाबा म्हणाले, शब्द दिला होता. हो, दिला होता. बसायचा दिला होता. तोंड उघडणार नाही असा नव्हता दिला.

२० जाने., रवि.
मामाजी कसनुसे झाले. माह्याच फळीनं तुले हरवलं वं, म्हणाले. त्यांचा काय दोष? रागावले त्यांच्यावर, उगीच अपराधी तोंड करू नका म्हणून. मग वाईट वाटलं.

३ फेब्रु., रवि.
कामठी बुडाली. उमरेडकर आले. पोहे, चिवडा, नवं लुगडं, सगळं. बसले मी, शब्दाप्रमाणे.
मुलाच्या आईनं विचारलं, आता काठ्या सुटल्या नं? आई हो म्हणणारच होती. मी आधी बोलले. म्हटलं, नाही सुटल्या, अन् पुढं पैसे घेऊन खेळणार.
"अशा बाया असतात का आपल्या इकडे?" मुलाची आई म्हणाली.
"नाही. मी पहिली होईन."
काकू आत पळाली. आई सावरायला गेली, कलकत्त्यात पोरीला फसवलं म्हणे. मग मीच सगळं खरं खरं सांगितलं, पुसण्यापासून दंडापर्यंत. बाबा छताकडे पाहत होते. मुलगा तोपर्यंत मान खालीच घालून होता. त्यानं वर पाहिलं.
"असं खरं सांगणं माह्या हातून नसतं झालं," म्हणाला.
त्याची आई त्याच्याकडे पाहतच राहिली. आठ दिवसांत कळवतो म्हणून गेले.

१७ फेब्रु., रवि.
उमरेडहून काही नाही. आई पोस्टमनची वाट पाहते. मी पाहत नाही. बाबा काल दिवसभर चांगल्या मनानं विणून राहिले होते, मागाच्या आवाजावरून कळतं.
पहिल्या बसनं कामठी. मामाजी फळी घेऊन आले. म्हटलं, नको जी, राहू द्या. ब्राऊनवर कालच्या बुटांचे ठसे तसेच. बॉल ठशात अडखळला, वाकडा गेला. दुसरा, तोही.
"इथं तं चालते वं फळी," मामाजी म्हणाले.
"मले का इथंच खेळत राहायचं हाये?"
फळी त्यांनी बाभळीला टेकवून ठेवली. तेवढ्यात साहेबलोकांची जीप आली. लेडीजनी निघावं म्हणून सेक्रेटरी लांबूनच हात हलवत होता. मी वाळूतून बॉल उचलला आणि परत पहिल्या जागी, ठशांच्या अलीकडे ठेवला.